येतो

ज्या वर्षी थोरल्या काकाने वडिलांच्या डोक्यात पहार घातली, त्याच वर्षी मी समुद्रापलीकडे शिकायला गेलो. आमच्या घरात सालं अशीच मोजतात, पहारीच्या आधीची आणि पहारीनंतरची. वडील मेले नाहीत. कवटीचं हाड आत गेलं, उजवा हात लुळा पडला आणि तोंडातले सगळे शब्द सांडून गेले. एकच उरला. ‘येतो.’ भूक लागली की येतो, पाठ खाजली की येतो, नाकावर माशी बसली की येतो. त्या दिवशी सकाळी खाणीवर निघताना ते रागात ‘जातो’ म्हणून बाहेर पडले होते. आई मागून ओरडली होती, ‘अहो, येतो म्हणा!’ तेव्हा म्हणाले नव्हते. आता दिवसभर म्हणत होते. आई त्यांना भरवताना तोंड पुसायची आणि म्हणायची, ‘आता म्हणून काय उपयोग? वेळेला जीभ झडली होती का?’ मग तीच रडायची. ते डाव्या हाताने तिचं मनगट धरायचे आणि समजूत घालायचे, ‘येतो, येतो.’

आम्ही दगडफोडे. आजा, बाप, काका, सगळे खाणीवरच. मला अक्षरं सतराव्या वर्षी आली, खाणीवरच्या संध्याकाळच्या वर्गात, त्यामुळे शब्दाच्या जवळ मी अजूनही जपून जातो, फसलेल्या बाराजवळ जावं तसा. बार म्हणजे सुरुंग. दगडाला भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. कधी वात जळून जाते आणि बार उडत नाही. तो फसलेला बार. त्याच्याजवळ लगेच जायचं नाही. सगळे आडोशाला बसून राहतात, कुणी बोलत नाही, आणि दगड जसाच्या तसा उभा असतो, काही झालंच नाही असा. खाणकामगारांच्या संघटनेने सुरुंगाचं नवं शास्त्र शिकायला दोघांना निवडलं. दुसरा ऐन वेळी घाबरला. मी गेलो. निघताना दारात आई म्हणाली, ‘येतो म्हण.’ मी म्हणालो, ‘येतो.’ खाटेवरून वडील म्हणाले, ‘येतो.’ आई हसली, बहीण हसली, मीही हसलो. पहारीनंतर आमच्या घरात तेवढंच एकदा सगळे मिळून हसलो असू.

तिथलं गाव समुद्राच्या कडेला होतं. शाळा वर टेकडीवर, कारण तिथे दगड होता. खाली धक्का, मासळीचा लिलाव, बर्फाचा कारखाना, आणि धक्क्यापासून निघून कड्याच्या काठाकाठाने जाणारी पायवाट. मी रोज संध्याकाळी त्या वाटेने चालायचो. मला समुद्र आवडत होता असं नाही. खरं तर भीती वाटायची. पण खोलीत बसलं की पहारीचा आवाज यायचा. तो आवाज मोठा नव्हता. ओल्या दगडावरून छिन्नी घसरते, तेवढाच. मी तेव्हा पाच हातांवर छिन्न्यांना धार लावत होतो. वडील काकाला ‘वांझ बैल’ म्हणाले. काकाला मूल नव्हतं आणि हे त्याला आजवर सगळ्या खाणीने म्हणून झालं होतं. तो नेहमी हसायचा. त्या दिवशी हसला नाही. मग तो खाली बसला, पहार मांडीवर आडवी घेतली आणि आम्हाला म्हणाला, ‘कुठं जात नाही मी. इथंच आहे.’ पोलीस येईपर्यंत तो तसाच बसून होता. समुद्र निदान सतत आवाज करतो. त्यात तो छोटा आवाज बुडायचा.

शाळेत शिकवलेली त्यांची भाषा वेगळी आणि धक्क्यावरची वेगळी. शाळेतली भाषा अंगरख्याची घडी मोडू न देणारी. धक्क्यावरचे लोक मित्राला ‘बुडक्या’ म्हणत. ओहोटी लागली, काळे खडक उघडे पडले, की ‘समुद्राने दात काढले’ म्हणत. हे मला आपोआप कळलं. माझी आई मला लाडाने ‘मेल्या’ म्हणायची, मग बुडक्या म्हणजे प्रेमच असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण सगळंच असं आपोआप कळत नाही. एकदा चालून आल्यावर मी धक्क्यावरच्या एका पालथ्या पेटीवर बसून उकडलेली अंडी सोलत होतो. समोर सात-आठ हमाल. त्यांच्यात मासेमारी बोटीवरचा एक आडव्या हाडाचा माणूस होता, त्याचा डावा कान अर्धा तुटलेला. सगळे त्याला कानतुट्याच म्हणत, तोंडावर. ती पेटी त्याची होती हे मला माहीत नव्हतं. तो जवळ आला आणि हसून म्हणाला, ‘मीठ हवंय?’ मला बरं वाटलं. परक्या गावात कुणी मीठ विचारलं. मी शाळेत शिकवलेल्या भाषेत म्हणालो, ‘हो. थोडंसं चालेल. आभारी आहे.’

त्याने मुस्काटात मारली. अंडं तोंडातून उडून पाण्यात पडलं. कानात समुद्र भरला, गाल आधी बधिर आणि मग तापलेल्या तव्यासारखा. ते सगळे पोट धरून हसत होते. ‘थोडंसं म्हणाला! आभारी आहे म्हणाला!’ कुणीतरी माझ्या आवाजात म्हणत होतं. तिथे मीठ देणं म्हणजे थोबाडीत देणं, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उचलत नाहीत. मी उभा राहिलो. तोंडात रक्ताची चव होती, म्हणजे तीही खारटच. माझा हात मुठीत वळला होता आणि त्या मुठीचं मलाच भय वाटलं, कारण ती काकाच्या मुठीसारखी दिसत होती, अंगठा आत. मला तिथून फक्त निघायचं होतं. आणि निघताना माणूस काय म्हणतो? वाईट वेळेला तर हमखास म्हणतो. मी छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत, शब्दाला शब्द लावून, म्हणालो, ‘मी येतो.’

हसणं थांबलं. सुरीने कापावं तसं थांबलं. कानतुट्याच्या चेहऱ्यावरून हसू गेलं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना, असं दिसलं. मी पाठ फिरवून चालू लागलो. मला वाटलं, लाजले. एवढं खाऊनही पोरगा नीट निरोप घेऊन गेला म्हणून लाजले. त्या दिवसापासून गावात माझी पत वाढली. लोक वाट सोडायचे. बर्फवाला गाडी थांबवायचा. घरमालक माझ्याशी एकदम हळू बोलू लागला आणि जिन्यातला बंद पडलेला दिवा त्याने मी न सांगता बदलला. मी आईला कळवलं की इथली माणसं वरून फणसासारखी, आत गोड आहेत. चालायला मी कड्याच्या बाजूनेच खाली उतरायचो, धक्का टाळून. राग गेला नव्हता. रोज त्या वाटेवर मी कानतुट्याला मारत होतो. कधी कड्यावरून ढकलायचो, कधी दगडाने त्याचा उरलेला कान ठेचायचो. एकदा मनात त्याला मारता मारता मी बघितलं तर खाली पडलेला माणूस वडील होते. मी तिथूनच मागे फिरलो.

धक्क्याच्या टोकाला मासे कापणारी एक म्हातारी बसायची. अंगावर रबरी पायघोळ झगा, हातात झिजून पातळ झालेली सुरी. पहिल्याच आठवड्यात मी तिला त्यांच्या भाषेत मावशी म्हणालो होतो, तेव्हा ती म्हणाली होती, ‘माझ्या बहिणीला तुझ्याएवढा पोरगा? तिच्याकडे मांजर टिकलं नाही!’ पण मग तिने मावशी लावून घेतलं. मीठ खाल्ल्यानंतर मी बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे गेलो. तिने वर न बघता माशाचं पोट फाडलं आणि विचारलं, ‘मग? कधी येतोयस?’

‘आलोच आहे की.’

‘माझ्याकडे नव्हे रे. त्याच्याकडे.’

‘कुणाकडे?’

तिची सुरी थांबली. ‘तू कानतुट्याला येतो म्हणालास ना? सगळ्यांसमोर? छातीवर हात ठेवून?’

‘म्हणालो. निघत होतो म्हणून.’

‘निघणारा माणूस येतो कशाला म्हणेल? डोकं आहे का खोकं?’

मी सांगायला गेलो. आमच्यात जातो म्हणत नाहीत, जातो म्हणणं अशुभ, म्हणून जाताना येतो म्हणतात. हे तिच्या भाषेत सांगताना मलाच ते वेड्यासारखं वाटू लागलं. ती ऐकत राहिली, मग तिने सुरी लाकडात रोवली. या धक्क्यावर, ती म्हणाली, मार खाल्लेला माणूस पाठ फिरवताना ‘मी येतो’ म्हणाला तर तो हत्यार घेऊन परत येतो. आणि ज्याला म्हटलं त्याने त्याच जागी त्याची वाट पाहायची. पळायचं नाही, बोटीवर जायचं नाही. गेला तर बायका त्याच्या अंगावर माशांची आतडी टाकतात. ‘तुझ्यामुळे त्याची बोट गेली. त्याची जागा दुसऱ्याला दिली. रोज संध्याकाळी पेटीवर लोखंडी आकडी घेऊन बसतो. झोपत नाही मेला. बायको माहेरी गेली. आणि तू वरून कड्यावरून फिरत असतोस, त्याला दिसतोस. तो म्हणतो, हे काळं पोरगं काय थंड रक्ताचं आहे, मला शिजवतंय.’

मला हसू आलं. खरंच आलं, पोटातून, आणि ते अर्ध्यावर येऊन दगड झालं. मी विचारलं, ‘मग आता?’

‘आता तू यायचंस. नाहीतर तो येणार. अशी किती दिवस वाट पाहील माणूस?’ मग तिने सुरी लाकडातून उपसली आणि म्हणाली, ‘एक आहे. रिकाम्या हाताने त्याच्यासमोर जायचं, चार माणसांत, आणि म्हणायचं, मी जातो. म्हणजे मिटलं. बुडालं ते पाण्यात.’

‘जातो म्हणायचं?’

‘तेवढंच. काय तुझी जीभ झडते?’

त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, शाळेत भोकं पाडताना, मी तो शब्द जिभेवर ठेवून पाहत होतो. त्यांच्या भाषेत तो छोटा होता, मुलाने दगड टाकावा तसा. पण त्यांच्या भाषेत म्हटलं तरी आत तो आमच्याच भाषेत वाजायचा. जातो. उंबरा दिसायचा. वडिलांचा पाठीवरचा मळका सदरा, खांद्यावर घण, आणि आईचा आवाज, अहो, येतो म्हणा. मी काही अडाणी राहिलो नव्हतो. शब्दाने पहार पडत नाही, पहार हाताने पडते, हे मला ठाऊक होतं. पण हे ठाऊक असणारा मी वरचा होता, अक्षरं शिकलेला. खाली सतराव्या वर्षाआधीचा एक होता, त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि त्याची जीभ खरोखर टाळ्याला चिकटत होती. मी जातो म्हणालो तर घरी कोण मरणार, एवढंच तो विचारत होता. त्यापेक्षा मारणं सोपं. खरंच सोपं. हात आम्हाला पिढीजात आहे. दगड कुठे फुटेल ते आम्ही नुसतं चापसून सांगतो, आणि कानतुट्याचं डोकं मी रोज इतक्यांदा चापसलं होतं की कुठे घाव घालायचा ते मला पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून हातघण घेतला, पिशवीत घातला आणि कड्याच्या वाटेने निघालो. समुद्राने दात काढले होते. वाट ओली होती, खाली शेवाळलेल्या खडकांत पाणी अडकून राहिलं होतं. मी खाली उतरलो. एका डबक्यात एक मोठा खेकडा होता. त्याने माझ्याकडे बघून नांगी उगारली. मी पिशवीतून घण काढला आणि मारला. एकदा पुरे होतं. मी मारत राहिलो. कवच, मग लगदा, मग नुसता खडक. खडकाच्या कपच्या माझ्या पायांवर उडत होत्या, पाणी तोंडावर उडत होतं, आणि मी ओरडत होतो, काय ते मला ऐकू येत नव्हतं, पण थांबलो तेव्हा ऐकू आलं. ‘येतो! येतो! येतो!’ वडिलांच्या आवाजात. डाव्या हातात घण होता. उजवा लुळ्यासारखा लोंबत होता. केव्हा हात बदलला मला कळलं नाही.

धक्क्यावर तो बसला होता. मला येताना सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे आपोआप मागे सरकले, भिंतीला पाठी लावून, बार भरल्यावर सरकतात तसे. कानतुट्या पेटीवर बसला होता. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, डोळे पिकलेले. आणि मासळीच्या पेट्या ओढायची लोखंडी आकडी त्याने मांडीवर आडवी घेतली होती. हेच मला पुढे जाऊ देईना. आडवी घेतली होती, दोन्ही हात वर ठेवून. तो म्हणाला, ‘आलास.’ मग म्हणाला, ‘मी इथंच आहे. कुठं गेलो नाही.’

मी घण खाली ठेवला. तो घरंगळला आणि लोखंडी कठड्याला लागून वाजला, आणि तो आवाज ऐकून मावशीने डोळे मिटले. मी दोन्ही हात उघडे केले. शब्द येईना. मला दिसत होतं की तो उठणार, की आता बोललो नाही तर दोघांपैकी एकाची आई उद्यापासून साल वेगळं मोजेल. मी म्हणालो, ‘जातो.’ आमच्याच भाषेत आला पहिल्यांदा. कुणाला कळला नाही. तोंडात काहीतरी तुटल्यासारखं झालं, वडील पुन्हा एकदा, हळूच, त्याच आवाजाने खाली पडले. मग मी त्यांच्या भाषेत म्हणालो, मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, ‘मी जातो.’

कानतुट्या उठला. आकडी त्याने पेटीवर ठेवली, नीट, निजलेलं मूल ठेवावं तशी. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने मला मीठ दिलं. पहिल्यापेक्षा दुप्पट. मी गुडघ्यावर आलो, मागची दाढ जिभेवर सुटी होती. ‘हे बोटीसाठी,’ तो म्हणाला. मग तिथेच, माझ्या शेजारी, त्या ओल्या फरशीवर तो बसला, कठड्याला डोकं टेकलं आणि बोलता बोलता झोपला. घोरायला लागला. हमाल त्याच्यावरून पेट्या न्यायला लागले. मी दाढ पाण्यात टाकली. मावशी म्हणाली, ‘दोघंही गाढवं. एकाचा कान तुटलाय एवढाच फरक.’

त्यानंतर तो माझ्याबरोबर चालायला यायचा. बोट परत मिळेपर्यंत त्याला उद्योग नव्हता. कड्यावरून जाताना तो मला धक्क्यावरच्या शिव्या शिकवायचा आणि माझ्याकडून एकच शब्द घ्यायचा. त्याला तो फार आवडला होता.

‘म्हणजे जाताना येतो म्हणता?’

‘हो.’

‘मग येताना?’

‘आलो.’

‘आणि मेल्यावर?’

‘गेला म्हणतात.’

तो थांबून हसला, कड्याच्या अगदी टोकाला, मला त्याला धरावं लागलं. ‘तेव्हा तेवढं खरं बोलता, बुडक्या!’ थोडं चालल्यावर म्हणाला, ‘चांगलं आहे पण. मला आवडलं. माझ्या बापाने असं म्हणायला पाहिजे होतं.’ त्याचा बाप बोटीवर गेला होता. काय म्हणून गेला होता ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावरून निघताना तो सगळ्यांना छातीवर हात ठेवून ‘मी येतो’ म्हणू लागला, माझ्यासारखी मान वाकडी करून. सगळ्या धक्क्याला ते माहीत झालं. पोरं म्हणू लागली. बर्फवाला म्हणू लागला. मावशी तेवढी म्हणायची, ‘शब्दाशी खेळू नका रे. तो कुणाचा बांधील नसतो.’

वसंतात धक्क्यावर नवा क्रेनवाला आला, दुसऱ्या बंदरावरून. तोंड उघडत नसे, खाली बघून काम करायचा. एक दिवस सकाळी दोर गुंतला. क्रेनवाला म्हणाला कानतुट्याने गुंतवला, कानतुट्या म्हणाला तुझ्या आईने. क्रेनवाला खाली उतरला आणि त्याने त्याला मीठ दिलं. कानतुट्या हसत होता, असं सगळे सांगतात. त्याला आता भांडायचं नव्हतं, त्याची बोट त्या आठवड्यात परत मिळणार होती. त्याने गाल चोळला, छातीवर हात ठेवला, मान माझ्यासारखी वाकडी केली आणि म्हणाला, ‘मी येतो.’ आणि पाठ फिरवली. हमाल हसले. क्रेनवाल्याला विनोद माहीत नव्हता. आणि तो वाट पाहणाऱ्यांतला नव्हता.

मी वर शाळेत होतो. आम्ही बार भरला होता आणि आडोशाला बसलो होतो. वात जळून गेली, बार उडाला नाही. गुरुजी म्हणाले, थांबा, कुणी हलायचं नाही. त्याच वेळी खालून धक्क्यावरचा भोंगा वाजला, लांबलचक. आम्ही बसून राहिलो. मी त्या दगडाकडे बघत होतो.

खाली आलो तेव्हा नळी लावून फरशी धुवून काढत होते आणि लाल पाणी कडेच्या भोकातून समुद्रात पडत होतं. आकडी पेटीवर ठेवलेली होती, ती कुणी उचलली नव्हती. मावशी मासे कापत होती. तिचे हात थांबत नव्हते. तिने विचारलं, ‘तुमच्यात आता काय म्हणतात?’ मी म्हणालो, ‘गेला.’ ती म्हणाली, ‘तेच आमच्यातही.’ मग तिने सुरी बाजूला ठेवून माझा गाल, त्याने दाढ पाडली होती तो, ओल्या हाताने एकदा दाबला. तिच्या हाताला मीठ होतं.

शिक्षण संपलं. निघायच्या दिवशी मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्याकडे दोन्ही शब्द नव्हते. ती म्हणाली, ‘म्हण की, काय म्हणायचं ते.’ मी नुसता हात वर केला. घरी पोचलो तेव्हा दारात आई, मागे खाट. माझ्या पावलांचा आवाज ऐकून आतून वडील म्हणाले, ‘येतो.’ आई म्हणाली, ‘बघ, ओळखलं तुला.’ मी उंबऱ्यात थोडा वेळ थांबलो. मग आत गेलो.

कानतुट्या मेला तो मी परत येण्याच्या आदल्या महिन्यात, मंगळवारी, सकाळी, समुद्राने दात काढलेले असताना. काका तुरुंगात वारला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, जेवण झाल्यावर वारले. येतो म्हणाले. आईला वाटलं, पाणी हवं आहे.